मदत हवी आहे: आईची बद्धकोष्ठता औषधाविना कशी सांभाळावी?

आई 76 वर्षांची आहे. डॉक्टरांनी तपासलंय, वयानुसार आतड्यांची हालचाल मंदावली आहे, एवढंच. रोज रेचक घ्यायची तिची इच्छा नाही. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू (फायबर) पोटात जावेत हे माहीत आहे, पण कवळीमुळे तिला कडक काही चावता येत नाही. शिवाय पाणी कमी पडलं तर त्या तंतूंनीच पोट आणखी घट्ट होतं, आणि या वयात तहान फारशी जाणवत नाही! खाल्ल्यावर आतड्यांना आपोआप चालना मिळते, म्हणून न्याहारीनंतर ती पायाखाली छोटं स्टूल घेऊन शौचाला निवांत बसते. त्याने खरंच फरक पडलाय. मऊ शिजवलेल्या खाण्यातून तंतू कसे वाढवलेत? तहान नसताना पाणी कसं प्यायला लावलंत? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.