स्टीम पीलर: बटाट्यात शिजलेली कडा येते, डोळ्यांत साल तशीच. प्रेशर वाढवू की वेळ?

तळोजा_बटाटा

तळोज्यात सोललेला बटाटा देण्याचं युनिट आहे. गिऱ्हाईक म्हणजे वडापाववाले, केटरर्स आणि थोडी हॉटेलं. रोजचा माल साधारण ६ टन, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून. कार्बोरंडमच्या (आतून खरखरीत, घासून साल काढणाऱ्या) ड्रममध्ये २० ते २२ टक्के वजन सालीबरोबर जात होतं, म्हणून जुना स्टीम पीलर (वाफेने साल काढणारं मशीन) घेतला. ३०० लिटरचं फिरतं भांडं, एका घाण्याला (एका वेळच्या भरणीला) १०० किलो बटाटा. बॉयलर आधीचाच, ताशी १ टन वाफेचा, १०.५४ किलो दाबाचा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो). तो ९ वर चालवतो. वाफ २५ सेकंद, मग ब्रश रोलर.

अडचणी:
डोळ्यांत आणि खाचांत साल राहते. कापल्यावर कडेने ३ मिमी शिजलेली कडा दिसते आणि अर्ध्या तासात तिच्या आतल्या बाजूला करडी-तपकिरी रेघ उठते. पहिले दोन घाणे बरे निघतात, चौथ्यापासून बिघडतं. घट १४ टक्के, शिवाय सुरीने डोळे काढायला चार बायका बसवाव्या लागतात, म्हणजे फायदा राहिला कुठे?

विकणारा म्हणतो वेळ वाढवा. ३० सेकंद करून पाहिले. कडा जाड झाली, डोळे जसेच्या तसे. आता १७.५ किलोचा बॉयलर घ्यावा का? आणि याच मशीनवर गाजर, बीट, आलं, लसूण निघेल का?

---

वाफेचा_हिशेब

बॉयलरचं कोटेशन तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या लक्षणांत मला आधी एक्झॉस्टचा दोष दिसतो, प्रेशरचा नंतर.

साल वाफेने शिजून सुटत नाही, ती सुटते प्रेशर सोडताना. ९ किलोला वाफ साधारण १७९ अंशांची असते. सालीखालचं पाणी १०० च्या बऱ्याच वर तापतं, पण दाबाखाली असल्यामुळे उकळत नाही. दाब एकदम काढला की त्याची जागच्या जागी वाफ होते आणि ती साल आतून फाडून उचलते. म्हणजे सोलणारी सुरी वाफ नव्हे, एक्झॉस्ट व्हॉल्व. दाब पाच-सात सेकंद रेंगाळत उतरला तर तेच पाणी हळूहळू निथळून जातं आणि साल नुसती ओली होऊन बटाट्याला चिकटून राहते. सपाट भागावरची ब्रशने निघते, डोळ्यातली निघत नाही कारण तिथे ब्रश पोचतच नाही. वेळ वाढवून डोळे सुटले नाहीत, ते यामुळेच.

वेळ वाढवल्याने काय होतं तेही पाहा. उष्णता आत शिरण्याची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १२ सेकंदांचे २४ केले की तापलेला थर सुमारे १.४ पट जाड होतो, आणि त्या जास्तीच्या थराचा सालीला काडीचा उपयोग नाही. तो नुसता गर शिजवतो आणि ब्रश तो खरवडून नेतो. किती महाग पडतं ते गणिताने बघा: ६० मिमीच्या गोल बटाट्याचा अर्धा मिमी थर म्हणजे ४.९ टक्के वजन, १ मिमी म्हणजे ९.७, दीड मिमी म्हणजे १४.३. तुमची १४ टक्के घट म्हणजे चारही बाजूंनी दीड मिमी उडतोय. बटाटा ४० मिमीचा असेल तर १ मिमीलाच १४.३ टक्के जातात. त्यामुळे गोळी बटाटा आणि मोठा बटाटा एका घाण्यात घालू नका, ग्रेडिंग करूनच भरा.

आधी एवढं करा. भांड्यावरच्या गेजसमोर मोबाइल धरून एका पूर्ण घाण्याचा व्हिडिओ काढा, स्लो मोशन असेल तर उत्तम. मग तीन आकडे लिहा: व्हॉल्व उघडल्यापासून काटा वर पोचायला किती सेकंद, नेमका कुठे पोचला, आणि एक्झॉस्ट उघडल्यावर १ किलोच्या खाली यायला किती. साधा गेज थोडा मागे राहतो, पण दोन सेकंद की सात एवढं नक्की कळतं. भरायला ३-४ आणि सोडायला १-२ सेकंद, याच्या आसपास असायला हवं.

---

तळोजा_बटाटा

व्हिडिओ काढला. ७ किलोवर यायला ९ सेकंद लागतात, ९ वर काटा जातच नाही. सोडायला ७ सेकंद. चौथ्या घाण्याला बॉयलरचा गेज ९ वरून ६.५ वर.

एक्झॉस्ट लाइन उघडली. व्हॉल्व ४ इंची आहे, पण बसवणाऱ्याने पुढे अडीच इंची पाइप आणि तीन एल्बो टाकलेत. दुसऱ्या एल्बोत सालीचा लगदा बसून भोक रुपयाच्या नाण्याएवढं उरलंय.

---

वाफेचा_हिशेब

अर्धं उत्तर त्या एल्बोत सापडलं. एक्झॉस्ट व्हॉल्वच्या मापाचाच पाइप पुढे घ्या, शक्य तितका आखूड, वळणं कमीत कमी, आणि तो मोठ्या एक्स्पान्शन टाकीत थंड पाण्याच्या फवाऱ्याखाली सोडा. फवाऱ्याने वाफ तिथेच बसते आणि मागचा दाब चढत नाही. दर स्फोटाबरोबर साल लाइनमध्ये जाणारच, म्हणून फ्लँजचा तुकडा असा ठेवा की शिफ्ट संपल्यावर पाच मिनिटांत उघडून धुता येईल.

भांड्याच्या तळातला कंडेन्सेटही (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) तपासा. दाब सोडल्यावर तेच साठलेलं पाणी फुटून नवी वाफ बनतं आणि एक्झॉस्टला वेळ खायला लावतं. शिवाय पाण्यात बुडालेल्या बटाट्यांना वाफ लागत नाही, ते उकडतात. आत जाळीचा पत्रा असेल तर त्याची भोकं मोकळी करा. ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व) काम करतोय का बघा.

आता भरण्याची बाजू. १०० किलोच्या घाण्याला ५-६ किलो वाफ धरा: थोडी रिकामी जागा भरायला, बाकीची बटाट्यावर आणि भांड्याच्या भिंतीवर थंड होऊन जाते. दर दोन मिनिटांनी एक घाणा म्हणजे ताशी १८० किलोच, एक टनाच्या बॉयलरला काहीच नाही. पण हे ६ किलो ४ सेकंदांत हवेत, म्हणजे तेवढ्यापुरता दर ताशी ५,४०० किलोचा. बॉयलर तो देऊ शकत नाही. दाब पडतो, ड्रममधलं पाणी फुगून वर येतं आणि वाफेबरोबर लाइनमध्ये शिरतं. चौथ्या घाण्याला तुम्ही वाफेऐवजी गरम पाण्याचे शिंतोडे मारताय.

यावर उपाय म्हणजे बॉयलर आणि पीलरच्या मध्ये स्टीम ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखालच्या गरम पाण्याची साठा-टाकी. १५ किलोवरचं १००० किलो पाणी १२ वर उतरलं की साधारण २२ किलो वाफ सोडतं, म्हणजे तीन-साडेतीन घाणे बॉयलरला न विचारता. पण तुमच्यासारखं १० वरून ९ वरच उतरवायचं असेल तर त्याच टाकीतून जेमतेम ९ किलो मिळते. मोठ्या प्रेशरच्या बॉयलरचा खरा फायदा इथे आहे.

माझं मत विचाराल तर क्रम असा: एक्झॉस्ट, कंडेन्सेट, पीलरच्या आधी सेपरेटर (वाफेतलं पाणी वेगळं काढणारं भांडं), मग १० किलोवर १६-१८ सेकंदांची ट्रायल. वडापावच्या भाजीसाठी बटाटा पुढे उकडायचाच आहे, त्यात १ मिमी कडेने कुणाचं बिघडत नाही. फ्राइज किंवा वेफर्सची ऑर्डर घेणार असाल तर मात्र ती कडा तळताना वेगळी दिसते, तिथे १५-१६ किलो आणि १० ते १२ सेकंदच हवेत.

---

सेफ्टी_व्हॉल्व

वरच्या हिशेबाला माझं अनुमोदन. कागदांबद्दल थोडं.

१९२३ चा बॉयलर कायदा जाऊन १ मे २०२५ पासून बॉयलर्स ॲक्ट, २०२५ लागू झालाय, पण तुमच्यासाठी कामाची गोष्ट तीच आहे: साडेतीन किलोच्या वरची स्टीम लाइन आयबीआरमध्ये (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) येते. म्हणजे पाइप, व्हॉल्व, ॲक्युम्युलेटर सगळं प्रमाणपत्रासह घ्या, व्हॉल्वला फॉर्म तीन-सी (उत्पादकाचं तपासणी प्रमाणपत्र) मागा आणि लाइनचं ड्रॉइंग बाष्पके संचालनालयाकडून मंजूर करूनच वेल्डिंगला हात घाला. नागदेवीच्या दुकानात स्वस्त मिळाला म्हणून बिनकागदाचा व्हॉल्व उचलू नका, तपासणीत तो काढावाच लागतो. कुणी २५ लिटरच्या आतला कॉइलवाला नॉन-आयबीआर बॉयलर सुचवेल. त्यात पाण्याचा साठाच नसतो, पीलरने एक घोट घेतला की काटा खाली. या कामाला तो नको.

मशीन जुनं आहे म्हणालात, त्याची मला जास्त काळजी वाटते. बॉयलरवर दाब दिवसातून एक-दोनदा चढतो-उतरतो, पीलरवर दर घाण्याला. मिनिटाला एक घाणा, १६ तास, ३०० दिवस म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार वेळा. आधीच्या मालकाने पाच वर्षं असं चालवलं असेल तर धातू थकलेला असू शकतो, आणि तडा हायड्रो टेस्टमध्ये (पाण्याच्या दाबाची चाचणी) दिसेलच असं नाही. दाराच्या रिंगची वेल्ड, ट्रनियनची (भांडं ज्यावर फिरतं त्या खुंटांची) मुळं आणि वाफेच्या नोझलचा सांधा डाय-पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) तपासा, भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजा. सक्षम व्यक्तीचा (दाबाची भांडी तपासायला सरकारमान्य असलेल्या तपासनिसाचा) दाखला घेतल्याशिवाय १५ किलोचा विचारही करू नका. नेमप्लेटवर डिझाइन प्रेशर किती कोरलंय, ते आधी वाचा.

दाराचं सील कशाचं आहे? ९ वर ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) तग धरतं, १५ किलोला वाफ २०० अंशांची होते आणि ते कडक होऊन चिरतं. तिथे टेफ्लॉन किंवा उत्पादकाने दिलेलंच सील लागतं. बटाट्याबरोबर खडा आला आणि दाराच्या सीटवर दबला तर तिथून वाफ केसासारखी बारीक सुटते आणि आठवडाभरात सीटवर चर पाडते. पावसाळ्यात माल चिखलाचा येतो तेव्हा डिस्टोनर (खडे वेगळे काढणारं मशीन) बंद ठेवून चालणार नाही.

आणि दाराच्या लिमिट स्विचला (दार बंद असल्याची खूण देणारा) तार बांधून ‘चालू’ करून ठेवायची सवय कुणाला असेल तर ती तार आजच काढा. दाब शून्य झाल्याशिवाय दार हलता कामा नये, त्याला प्रेशर स्विच आणि यांत्रिक खटका दोन्ही हवेत.

---

गाजर_बीट

बाकीच्या भाज्यांचं सांगतो. १५ किलोच्या आसपासचे हे सुरुवातीचे आकडे आहेत, १० वर थोडे वाढवा आणि दोन-दोन सेकंदांनी सरकवत ट्रायल घ्या.

नवा बटाटा, ज्याची साल अंगठ्याने घासली तरी निघते: ६ ते ८ सेकंद. कोल्ड स्टोरेजचा, आग्र्याकडचा: १२ ते १५. त्याची साल जाड झालेली असते. सुरकुतलेला असेल तर सालीखाली पाणीच कमी, मग स्फोटाला जोर येत नाही. असा माल रात्रभर बाहेर काढून ठेवून, धुऊन घ्या. गाडी बदलली की सेटिंग बदलायचं, हे ऑपरेटरच्या डोक्यात बसवा.

गाजर: ५ ते ८. शेंडा बारीक असल्याने तो आधी शिजतो. बीट: १५ ते २५, साल हट्टी. देठ मात्र आधी कापू नका, रंग गळतो. रताळं चालतं, पण लगेच थंड करा. टोमॅटोला हे मशीन नको, त्याला फार कमी दाब लागतो, इथे त्याची चटणी होईल.

लसूण आणि कांदा वाफेवर घालूच नका. त्यांची वाळकी साल कोरडीच काढायची असते. लसणाला कॉम्प्रेस्ड एअरचा पीलर, कांद्याला चिरा देऊन हवा. आल्याचा वास वाफेबरोबर उडतो, ते ब्रशवर करा. अळकुडी बुळबुळीत होऊन ब्रश भरून टाकते, आणि सुरणाच्या खाचा कोणतंही मशीन काढत नाही.

तपकिरी रेघेबद्दल: शिजलेल्या कडेत एन्झाइम मरतं. त्याच्या लगेच आत, जिथे गर कोमट होऊन पेशी फुटतात पण एन्झाइम जिवंत राहतं, तिथे हवा लागली की रंग चढतो. म्हणून ब्रशनंतर लगेच थंड पाणी, मग अर्धा टक्का सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं. मेटाबायसल्फाइट वापरायचंच असेल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरण) मर्यादा पाहा आणि लेबलवर लिहा. कडा पातळ झाली की ही रेघही बरीच कमी होईल.

घट मोजताना एक चूक सगळे करतात. सोललेला बटाटा पाण्यातून काढून तसाच काट्यावर टाकतात आणि घट २-३ टक्के कमी दिसते. दोन मिनिटं निथळू द्या. सुरीने काढलेलं वजनही घटीतच धरा.

---

तळोजा_बटाटा

एक्झॉस्टला सरळ ४ इंची पाइप टाकला, आत फक्त एक लांब बेंड. जाळीची भोकं अर्धी बुजलेली होती, ती साफ केली. मशीनमध्ये बाकी काही बदललं नाही. सोडायला आता २ सेकंद. १० किलो, १८ सेकंद, ज्योती जातीचा ग्रेड केलेला बटाटा: कडा दीड मिमीच्या आत, डोळे बहुतेक साफ, निथळून घट १०.५. मात्र पाचव्या घाण्याला दाब पडतोच, तेव्हा तीन मिनिटांचं अंतर ठेवतोय. सक्षम व्यक्तीला बोलावलंय, नेमप्लेटवर १८ बार आहे (१ बार म्हणजे साधारण १ किलो दाब).

ब्रशखालची साल आता दिवसाला चार-पाचशे किलो, घट्ट लगदा. ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीत) सोडू का?

---

गाजर_बीट

अजिबात नको, स्टार्चने बीओडी (सांडपाण्याला कुजताना लागणारा ऑक्सिजन) आकाशाला भिडेल. ब्रशवरचं पाणी आणखी कमी करा, लगदा स्क्रू कन्व्हेयरने ड्रममध्ये घ्या आणि गोठेवाल्याला द्या. फक्त तो शिजलेला आहे, मुंबईच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबतो, तेव्हा त्याच दिवशी उचलायची बोली करा. हिरव्या पडलेल्या आणि मोड आलेल्या बटाट्यांचा माल वेगळा काढा, तो जनावरांना घालू नका.

---

वाफेचा_हिशेब

तीन मिनिटांचं अंतर ठेवूनही तुमचे ६ टन तीन तासांत निघतात. मग ॲक्युम्युलेटरची घाई नाही. आधी सेपरेटर बसवा आणि बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ३,००० पीपीएमच्या आत ठेवा. ही वाफ थेट खाण्याला लागते, तेव्हा पाण्यात हायड्राझिन (विषारी) असलेलं रसायन घालत नाहीत ना, तेही केमिकलवाल्याकडून लिहून घ्या.