ट्यूमरलेट म्हणजे कॅन्सरच का? आईचा रिपोर्ट आलाय

देवगडची लेक:
आई ६१ वर्षांची. विडी-मिश्रीला कधी हात लावला नाही. ९ वर्षं कोरडा खोकला. विहिरीवरून पाखाडी चढताना पूर्वी एकदा थांबायची, आता चार वेळा कळशी खाली ठेवून गडग्याला टेकते. दमा म्हणून तीन वेळा पंप बदलले. घरात सुकट बंद, सोलकढी बंद, चूल बंद. फरक शून्य. शेवटी कोल्हापूरला एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन केला. दोन्ही फुप्फुसांत ३-४ मिमीच्या कितीतरी गाठी. कॅन्सर पसरला समजून घरात रडारड झाली. बायोप्सीत 'डिपनेच, ट्यूमरलेट' आलंय. आई विचारते, "माका नक्की काय झालाहा गो?" काय सांगू?

पावसची काकी:
बाय, आधी पाणी पी. मला हेच आहे, कळून ५ वर्षं झाली. त्याआधी मीही दम्याचीच पेशंट होते. धूम्रपान न करणाऱ्या, पन्नाशी-साठीतल्या बायकांतच हा आजार जास्त दिसतो. त्याला डिपनेच हे नाव मिळालं तेच १९९२ मध्ये, त्यामुळे लवकर कुणाला सुचत नाही.
श्वासनळ्यांच्या अस्तरात न्यूरोएंडोक्राइन पेशी सगळ्यांच्याच असतात, तुरळक. आपल्यात त्या वाढत जातात, तेच डिपनेच. वाढ अस्तराबाहेर आली आणि ५ मिमीपेक्षा लहान असली तर ट्यूमरलेट, तेवढी किंवा मोठी झाली की कार्सिनॉइड, म्हणजे हळू वाढणारा कॅन्सरचा प्रकार. बारीक नळ्या व्रणाने आवळतात, आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. पंपाने आवळलेली नळी कशी उघडेल? तरी पंप मनाने बंद करू नका.
बहुतेकांत हे फार हळू चालतं. काहींत कार्सिनॉइड होतं, म्हणून ठरल्या वेळी सीटी चुकवायचा नाही. ऑक्ट्रिओटाइडबद्दल डॉक्टरांना विचार. महिन्याला एक इंजेक्शन. तिसऱ्यानंतर मी रात्रभर झोपले, खोकला इतका उतरला. चढावरचा दम मात्र तसाच आहे, खोटं कशाला सांगू.

चिपळूणचा सीटी टेक्निशियन:
ताई, श्वास सोडूनही स्कॅन घेतला होता का ते बघा. अडकलेली हवा त्यातच नीट दिसते. आणि जुन्या सीटीची सीडी जपा, फिल्म पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात. गाठ वाढली की नाही, हे जुन्याशी ताडूनच कळतं.

देवगडची लेक:
२०१९ ची सीडी ट्रंकेत सापडली, साडीच्या घडीत. काकी, तुमचं आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मगे सुकट खाव काय?"

पावसची काकी:
खाऊ दे गं तिला. मला डॉक्टरांनी मासळी कधीच बंद केली नाही.