घोड्याचं मांस खाल्लं असतं तर कुत वाचलं असतं?

सह्याद्रीचा_वारा: काल इथे एकाने ठोकून दिलं, की पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेची सहावी पूना डिव्हिजन इराकमधल्या कुत गावात तुर्कांपुढे हरली ती आपल्या शिपायांनी धर्मापायी घोड्याचं मांस नाकारलं म्हणून. डोकंच फिरलं. १४७ दिवसांचा वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, १३ हजारांच्या आसपास माणसं कैदेत, आणि खापर उपाशी शिपायाच्या डोक्यावर? डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड, त्याने कळवलं, शिधा जेमतेम महिना-दोन महिने पुरेल. म्हणून सोडवायला निघालेली फौज अर्धवट तयारीने धावत सुटली. २१ जानेवारीला कुतच्या वाटेवर हन्नाच्या तुर्की खंदकांसमोर, पावसात आणि चिखलात, २,७०० च्या घरात माणसं मेली किंवा जखमी झाली. मग साहेबांना गावातल्या घरांची झडती सुचली, धान्य निघालं आणि तग एप्रिलपर्यंत लांबला! कोठार आधी मोजावं हे आमच्या रेशनवाल्यालाही कळतं.

पेठेतला_पाहुणा: ती पोस्ट माझीच. मांस नाकारलं हे खोटं आहे का? हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, तरी बहुतेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत हात लावला नाही. निकृष्ट आहारामुळे होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने माणसं आडवी झाली. अभिमान बाळगा, पण हिशेब लपवू नका.

उगाच_एक: 'पूना' म्हणून छाती फुगवणाऱ्यांनो, त्यात डॉर्सेट, नॉरफोक, गुरखे, पंजाबी, राजपूत, सगळे होते. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ एवढ्याच पलटणी.

सह्याद्रीचा_वारा: 'एवढ्याच'? तीन पलटणी म्हणजे काय भजनी मंडळ?

मास्तर_निवृत्त: पानिपत पोरांना तोंडपाठ, कुत कुठे विचारा तर आ वासतात. तीस वर्षं शिकवलं, पुस्तकात एक ओळ नाही.

कोकणकडा: माझे पणजोबा ११७ मध्ये होते. कैदेत बगदाद रेल्वेच्या कामावर खडी फोडली. लढाईबद्दल चकार शब्द नाही. पण रोज रात्री कंदील घेऊन कणगीपाशी जायचे, कोपरापर्यंत हात घालून भात किती उरलाय ते बघायचे. भर सुगीतसुद्धा. आजी म्हणायची, घोड्याचं विचारलं की एवढंच सांगायचे, "खाल्लं असतं तर गावात पोरींना स्थळं कोण आणणार होतं?" देवाचं भय नव्हतं हो ते, भावकीचं होतं.

पेठेतला_पाहुणा: म्हणजे माझंच म्हणणं! धर्म नाही तर जात.

कोकणकडा: पंख्याखाली बसून जात काढणं सोपं आहे. तिथे पीठ दळायला जात्याचे दगड विमानातून टाकत होते. मार्चमध्ये तैग्रिस नदीचं पाणी खंदकात शिरलं. तुम्ही एक दिवस उभे राहून दाखवा.

उगाच_एक: वैयक्तिक होऊ नका.

सह्याद्रीचा_वारा: पाहुणे, समजा सगळ्यांनी जानेवारीपासूनच खाल्लं असतं, आणखी दोन-तीन आठवडे निघाले असते. पुढे? २२ एप्रिलला सोडवणाऱ्या फौजेचा सन्नैयतच्या तुर्की मोर्चांवरचा शेवटचा हल्ला फसला. २४ ला 'जुलनार' बोट २७० टन शिधा घेऊन निघाली, ती वाटेतच अडकून शत्रूच्या हाती लागली. येणार कोण होतं?

पेठेतला_पाहुणा: बरं बाबा, टाउनशेंडचा हिशेब चुकला, मान्य. झालं समाधान? स्वारी मात्र पुढे इस्तंबूलजवळच्या बेटावर मजेत राहिली, तेही लिहा की. बाकी कोकणकडा, तुमच्या पणजोबांचा तो भाताचा डबा अजून आहे का घरी?

कोकणकडा: डबा नाही, कणगी. नीट वाचत जा.