चिकनगुनिया जाऊन साडेतीन महिने झाले, सकाळी अजून मूठ वळत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बोलून टाइप करतेय, त्यामुळे काना-मात्रा इकडेतिकडे झाला तर समजून घ्या. बोटांनी लिहायचं तर चार ओळींतच अंगठा ठणकायला लागतो.

पुण्यात सिंहगड रोडला राहते, वय ४७. घरून पोळीभाजीचे डबे देते, बारा वर्षं झाली, रोजच्या दीडशे पोळ्या तरी मी एकटी लाटायचे. २०२४ चा ऑगस्ट संपता संपता ताप भरला, १०३, आणि अंग असं मोडून आलं की कूस बदलायलाही कोणीतरी लागायचं. तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी एक जण आडवा होता. चिकनगुनिया पॉझिटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह. चार दिवसांत ताप गेला, मग पंधरा दिवसांनी नाक काळं पडलं, ते अजून थोडं आहेच, पण नाकाचं काही नाही हो, सांधे काही सुटत नाहीत. आता डिसेंबर अर्धा संपला.

पाचला जाग येते पण पाय खाली टेकवायची भीती वाटते, टाचेखाली खडे भरल्यासारखं होतं. भिंत धरून मोरीपर्यंत जाते. बोटं अर्धी वाकलेली असतात, धड सरळ होत नाहीत आणि मूठही वळत नाही. परवा गॅसचा लायटर दोन्ही हातांनी दाबला तरी पेटेना, शेवटी लेकाला उठवलं. दुधाची पिशवी दाताने फोडते. उजव्या हातातल्या बांगड्या गौरीच्या वेळी घातल्या त्या आता निघत नाहीत, पंजा सुजलाय. साडेसात-आठला हात जरा मोकळे होतात आणि तोवर डब्याची वेळ टळलेली असते. निम्मे डबे बंद केले, उरलेल्यांसाठी पोळ्या बाहेरून आणते, आणि गिऱ्हाईकाला पहिल्या घासालाच कळतं बरं का.

ह्यांनाही माझ्याच आठवड्यात झाला होता, ते तीन आठवड्यांत टुणटुणीत. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं की ही कुरकुर करते. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पेनकिलर दिली, घेतली की चार तास बरं, पण ॲसिडिटी इतकी की आता गोळी बघूनच नको वाटतं.

विचारायचं हे की इतके दिवस चालतं का हे कोणाचं? हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ की आणखी कोणाकडे? हात हलवत राहायचे की विश्रांती द्यायची, कारण एक जण म्हणतं वापर नाहीतर जखडतील, दुसरी म्हणते वापरलेस तर झिजतील. आणि नणंदेने गावाकडून एका वैदूची पुडी आणलीय, तपकिरी पावडर, "दोन दिवसांत पळायला लागशील" म्हणाली. ती घेऊ का? खरं सांगते, आज रात्रीच घेणार होते, म्हटलं आधी विचारावं.

---

रानजाई: ताई, पुडी घेऊ नका. आधी एवढंच वाचा, बाकीचं नंतर.

२००६ च्या साथीत आम्ही मराठवाड्यात होतो, आईला अस्संच झालं होतं. तिनेही अशीच पुडी घेतली आणि खरंच तिसऱ्या दिवशी विहिरीवर जाऊन आली, आम्ही सगळे खूष. दोन-अडीच महिन्यांत तोंड गरगरीत सुजलं, भूक वाढली, साखर कधी नव्हती ती २८० निघाली. घाबरून पुडी एकदम बंद केली तर उलट्या, चक्कर, बीपी खाली, थेट ॲडमिट. डॉक्टर म्हणाले पावडरीत स्टिरॉइड असणार, ते शरीराला सवयीचं झालं की अचानक तोडता येत नाही, हळूहळू कमी करावं लागतं. दोन दिवसांत पळवणारी कुठलीही पुडी असेल तर तिच्यात काय आहे हा प्रश्न पहिला विचारायचा.

मोकळा_वेळ: एवढं काही नसतं हो. वजन कमी करा, रोज चालायला जा, मन गुंतवा. आपण दुखण्याचा विचार केला की ते वाढतं.

रानजाई: दादा, सुजलेला पंजा विचार करून सुजत नाही. बांगडी निघत नाहीये त्यांची.

बार्शीकर: चिकनगुनिया म्हटलं की आमच्या गावाचं नाव येतंच. १९७३ ला बार्शीत मोठी साथ आली होती, त्यानंतर देशात थेट २००५-०६ पर्यंत मोठी साथ नव्हती. माझी आजी सांगायची, निम्मा गाव काठी धरून चालत होता, तरणी पोरंसुद्धा. नावाचा अर्थही तोच आहे, आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला शब्द, दुखण्यानं वाकून जाणं असा काहीसा. तिकडे टांझानियात १९५२ च्या सुमाराला पहिल्यांदा नोंद झाली. तेव्हा कुरकुर वगैरे नाही, आजाराच्या नावातच आहे ते, घरच्यांना सांगा. आजीला नीट व्हायला वर्ष लागलं, पण झाली. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेकायची, त्यानं रोग जातो असं मी म्हणत नाही पण ऊब मिळते आणि कोणीतरी शेकतंय यानेही बरं वाटतं.

स्टेथो_आणि_चहा: मी एमडी मेडिसिन आहे, इथे बसून औषध लिहून देणार नाही, पण दिशा सांगतो. तीन महिन्यांच्या पुढे दुखणं आणि सूज राहिली की त्याला आम्ही जुनाट टप्पा धरतो. बहुतेकांचं आठवड्यांत-महिन्यांत जातं, काहींचं वर्ष-दीड वर्षही रेंगाळतं, चाळिशीपुढच्या बायकांमध्ये जरा जास्तच बघतो आम्ही. सकाळी तासापेक्षा जास्त जखडणं आणि बोटांना सूज असेल तर हाडांच्या डॉक्टरपेक्षा ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या वाताचे डॉक्टर, त्यांच्याकडे जा. ते ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (आमवाताच्या रक्ततपासण्या) बघतील, कारण कधी कधी आमवात याच काळात डोकं वर काढतो आणि दोन्ही वरवर सारखेच दिसतात. गरज वाटली तर एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन), मेथोट्रेक्सेट अशी सांध्यांची सूज आटोक्यात आणणारी औषधं किंवा थोडे दिवस स्टिरॉइड देतात. हो, स्टिरॉइडच, पण मोजून आणि उतरत्या डोसमध्ये, पुडीत किती आहे ते कोणालाच माहीत नसतं. मेथोट्रेक्सेट दिलीच तर ती आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, ही चूक लोक करतात आणि ती जिवावर बेतते. आणि दोन वेगवेगळ्या पेनकिलर एकत्र घेऊ नका, ॲसिडिटी होतेय हे डॉक्टरांना सांगा, किडनी आणि बीपीही तपासून घ्या.

नीलाकाकू_फिजिओ: अगं, हात हलवायचे का विश्रांती द्यायची, तर दोन्ही, पण वेळेवर. सूज लाल-गरम असेल त्या दिवशी जोर लावायचा नाही, बर्फाचा कपडा दहा मिनिटं, आणि सांधे नुसते हळूच पूर्ण वाकवून सरळ करायचे. गरम नाही नुसतंच आखडलंय, तर ऊब. सकाळी उठल्या उठल्या कामाला लागू नकोस. रात्रीच थर्मासमध्ये गरम पाणी भरून उशाशी ठेव, जागी झालीस की टबात ओत, थोडं गार पाणी घालून सोसवेल इतपत कर आणि त्यात दोन्ही हात दहा मिनिटं. पाण्यातच मूठ वळायची, उघडायची, अंगठा करंगळीपर्यंत न्यायचा. पूर्ण जाणार नाही, जिथवर जातो तिथवर. अंथरुणातच घोटे गोल फिरवून घे, मग पाय खाली टेकव, आणि घरात अनवाणी फिरू नकोस, मऊ चप्पल घाल.

तुझ्याकडे तर आम्ही बोटांच्या व्यायामासाठी जे पुटी (मऊ लगद्याचा गोळा) विकत आणायला सांगतो ते फुकट आहे! सैल भिजवलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घे, दाब, बोटांनी पसरव, पुन्हा गोळा कर. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. पण दीडशे पोळ्यांची कणीक तिंबणं हा व्यायाम नाही हं, तो मार आहे. कणीक मळायला मशिन घे नाहीतर मदतनीस ठेव. लाटण्याच्या मुठींवर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून जाड कर, बारीक मूठ धरायला बोटांना जास्त आवळावं लागतं. कुकर, पातेलं दोन्ही तळव्यांवर उचल, बोटांच्या चिमटीत नको. ओटा उंच पडत असेल तर पायाखाली पाट घे म्हणजे मनगट सरळ राहील. वीस पोळ्या झाल्या की थांब, दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. आणि रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, मनगटात नस दाबली जाते कधी कधी.

त्या बांगड्या मात्र आजच काढ. बोटांपासून मनगटापर्यंत प्लास्टिकची पिशवी चढव, तेल लाव आणि हात वर धरून सरकव. नाही निघाल्या तर कासाराकडे जाऊन कापून घे, वाट बघू नकोस.

रानजाई: काकू, पिशवीची युक्ती भारी. आणि ताई, दाराशी पाणी साठलंय का तेही बघा, कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे. चिकनगुनिया पसरवणारा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ पाण्यात वाढतो. तुम्हाला सहसा परत होणार नाही म्हणतात, पण लेकाला झालेला नाहीये ना अजून.

---

(धागाकर्ती, बारा दिवसांनी) सगळ्यांचे खूप आभार, प्रत्येकाला वेगळं लिहिता येत नाहीये. पुडी नणंदेसमोरच कचऱ्यात टाकली, ती दोन दिवस बोलली नाही, मग रानजाईताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा म्हणाली की गावात तिच्या सासूबाई हीच पुडी वर्षभर घेतायत. आता त्यांनाच डॉक्टरकडे न्यायचं चाललंय, अचानक बंद करू नका म्हणून आधी फोन करून सांगितलं.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळाली. त्यांनी एकेक बोट दाबून बघितलं, आजवर कोणी हात हातात घेऊन बघितला नव्हता. ह्यांना मुद्दाम बरोबर नेलं होतं. आरए आणि अँटी-सीसीपी निगेटिव्ह, सीआरपी वाढलेला. औषध सुरू झालंय, डोळे तपासून घ्यायला सांगितलेत, आणि गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले, तोवर घाई नको. परत येताना रिक्षात हे म्हणाले, उद्यापासून कणीक मी मळतो. मळतात, जरा सैल होते पण चालतं.

बांगड्या पिशवीने निघाल्या, चारातली एक फुटली. सकाळचं थर्मासचं पाणी सुरू आहे, आठऐवजी पावणेसातला हात मोकळे होतात. काल चाळीस पोळ्या लाटल्या, वीस-वीस करून. थंडी पडली की मात्र गुडघे फार बोलतात, नीलाकाकू, गुडघ्यांचं काही सांगाल का? जिना उतरताना उजवा जास्त दुखतो, चढताना एवढा नाही.