विषय: साताऱ्याचा मुक्काम आणि आयएलआरचे १८० दिवस

१२ ऑक्टोबर २०२४

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२० मध्ये मी कामाच्या व्हिसावर लीड्सला आले आणि येत्या जानेवारीत पाच वर्षे भरताच कायम वास्तव्याचा, म्हणजे आयएलआरचा, अर्ज करणार आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी ३ नोव्हेंबर २०२३ ला निघून मी २० फेब्रुवारीला परतले. त्यातले बरेच दिवस साताऱ्यात बसून ऑफिसचे काम चालू होते. पुढे बाबांना हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली, आणि १ जुलै ते २५ सप्टेंबर मी पुन्हा तिकडेच होते. २०२३ चे ५८ आणि २०२४ चे १३५ दिवस होतात, म्हणजे आयएलआरसाठी ब्रिटनबाहेर राहण्याची वर्षाला १८० दिवसांची जी मर्यादा आहे, तिच्या दोन्ही वर्षी आत. हा हिशेब बरोबर आहे ना?

आपली,
लीड्सची सभासद

१३ ऑक्टोबर २०२४

ताई, बाबांना लवकर पूर्ण आराम पडो.

निघण्याचा आणि परतण्याचा दिवस तुम्ही वगळलात ते योग्यच केलेत, पण होम ऑफिस, म्हणजे इथले गृहखाते, कॅलेंडरचे वर्ष पाहत नाही. पूर्वी अर्जाच्या तारखेपासून मागे बारा-बारा महिन्यांचे ठरावीक तुकडे पाडत, त्यामुळे जुने सभासद अजून तसेच सांगतात; ११ जानेवारी २०१८ पासून मिळालेल्या व्हिसांना मात्र कोणतेही सलग बारा महिने घेऊन मोजतात. ४ नोव्हेंबर २०२३ पासूनचे बारा महिने घेतले की तुमचे लग्नाच्या वेळचे १०८ आणि बाबांसाठीचे ८५ मिळून १९३ दिवस भरतात, म्हणजे तेरा जास्त. साताऱ्याहून केलेले काम इथल्या पगारावर असले तरी ते दिवस ब्रिटनबाहेरचेच धरले जातात.

तरीही घाबरून जाऊ नका. जवळच्या नातेवाइकाच्या जिवावर बेतलेल्या आजारपणासाठी बाहेर राहिलेले दिवस या १८० मध्ये धरू नयेत, अशी तरतूद नियमातच आहे. बाबांसाठीचे दिवस त्यात मान्य झाले की प्रश्न सुटतो. ते आपोआप कोणी वगळणार नाही, कागदांनिशी मांडावे लागेल. माझ्या आईच्या वेळी डिस्चार्ज कार्डावर केवळ आजाराचे नाव आणि तारखा होत्या. जिवाला धोका होता, हे डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घेण्यासाठी भावाला दोनदा खेपा घालाव्या लागल्या. तेव्हा तुम्ही ते आताच मागवा, आणि शस्त्रक्रियेनंतर इतके आठवडे तुमचीच गरज का होती, हेही त्यात येऊ द्या. सोबत कंपनीने रजा मंजूर केल्याचे पत्र जोडा, आणि मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या.

प्रवासाच्या तारखा पासपोर्टवरून उतरवू नका. इथून निघताना शिक्का बसत नाही, आणि हीथ्रोहून रात्री निघालेल्या माणसाला मुंबईचा शिक्का दुसऱ्या दिवशीचा मिळतो. विमानाची तिकिटे काढून तारखा पुन्हा ताडून पाहा. अर्ज पाच वर्षे भरण्याच्या २८ दिवस आधीपासून करता येतो, पण डॉक्टरांचे पत्र हाती आल्याशिवाय तो पाठवू नका. इमिग्रेशनच्या वकिलालाही कागद एकदा जरूर दाखवा.

आपला,
मँचेस्टरचा सभासद