घरच्या नासवर डेटा नेताना जुनी डिस्क पुसावी का?

माळ्यावरचा_सीपीयू (धागाकर्ता)
जुन्या डेस्कटॉपवर ट्रूनास (संगणकाचं नास, म्हणजे घरच्या नेटवर्कवरची सामायिक साठवण, करणारी प्रणाली) बसवलंय, ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क लावल्यात. तिसरी तेवढीच, पण जुनी आणि एनटीएफएस (विंडोजची फाइल-मांडणी). तिच्यात ३ टीबी भरलेत : घरचे फोटो आणि बाबांच्या कीर्तनांच्या कॅसेटवरून उतरवलेलं ध्वनिमुद्रण. तिन्हींचं रेडझेड१ (झेडएफएस या फाइल-प्रणालीतली, एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) केलं तर साधारण ८ टीबी जागा मिळते. मात्र पूलमध्ये (डिस्कांच्या एकत्रित साठ्यात) घेताना डिस्क पुसली जाते. त्यावर एक युक्ती सगळीकडे सुचवली जाते. दोन नव्या डिस्क आणि तिसरीच्या जागी एक पोकळ फाइल (आकार डिस्कएवढा दाखवणारी, पण जागा न व्यापणारी) घेऊन पूल करायचा, ती फाइल लगेच ऑफलाइन करायची, डेटा आत घ्यायचा, मग जुनी डिस्क पुसून तिथे बसवायची.

माझा याला ठाम विरोध आहे. जुनी डिस्क पुसल्यापासून रिसिल्व्हर (बसवलेल्या डिस्कवर तिच्या वाट्याचा डेटा पुन्हा भरणं) संपेपर्यंत पॅरिटीही (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढून देणारी जादा माहिती) नाही आणि दुसरी प्रतही नाही. त्या वेळात नव्या दोनपैकी एक जरी गेली तर अख्खा पूल जातो. मी दोन नव्यांचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) करणार आणि ४ टीबीत भागवणार. जुनी डिस्क आहे तशी कपाटात राहील.

पॅरिटी_पुणे
नाही पटलं. ३ टीबी डेटा रेडझेड१मध्ये पसरला की प्रत्येक डिस्कच्या वाट्याला दीड टीबी येतो. रिकाम्या पूलमध्ये एका दमात लिहिलेला डेटा असेल तर रिसिल्व्हर एका रात्रीत उरकतो. त्या एका रात्रीसाठी पुढची कित्येक वर्षं निम्म्या जागेवर पाणी सोडायचं? मिररचं रेडझेड नंतर जागच्या जागी करता येत नाही, हेही लक्षात घ्या. आधी दोन्ही नव्या डिस्कवर बॅडब्लॉक्स (खराब भाग शोधणारी आज्ञा) चालवा, स्मार्टची (डिस्कच्या अंगभूत तपासणीची) लांब चाचणी घ्या, मग निर्धास्त करा.

माळ्यावरचा_सीपीयू
चाचण्या करणारच. पण त्यातून पास झालेली डिस्कही बंद पडते. फोटोंच्या प्रती निदान नातेवाइकांच्या फोनमध्ये सापडतील. कॅसेटच्या फिती आता वाजत नाहीत, ते ध्वनिमुद्रण पुन्हा कुठून आणू? आणि समजा, रेडझेड झालं. मग बॅकअप कुठाय? चुकून फोल्डर उडवलं तर तिन्ही डिस्कवरून एकदम उडेल. स्नॅपशॉट (पूलची त्या क्षणीची गोठवलेली स्थिती) तेवढ्यापुरता वाचवेल, पण पीएसयूने (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाने) सगळ्याच डिस्क जाळल्या तर तोही गेला.

नाशिकची_रेवा
मला दोघांचंही पटत नाही. मुळात झेडएफएस कशाला? ओपनमीडियाव्हॉल्टवर (नासची दुसरी प्रणाली) स्नॅपरेड (वेगळ्या डिस्कवर पॅरिटी ठेवणारा प्रोग्राम) घ्या. भरलेली डिस्क पुसावी लागत नाही, एक नवी डिस्क पॅरिटीला दिली की झालं. फोटो आणि ध्वनिमुद्रण रोज बदलत नाहीत, त्यांच्यासाठी हेच योग्य. मर्यादेपेक्षा जास्त डिस्क मेल्या तरी उरलेल्या डिस्कवरचा डेटा वाचता येतो.

पॅरिटी_पुणे
रेवाताई, स्नॅपरेडची पॅरिटी सिंक (पॅरिटी अद्ययावत करणारी आज्ञा) चालवाल तेव्हाच ताजी होते. दुपारी टाकलेले फोटो रात्रीच्या सिंकपर्यंत उघडेच. शिवाय जुनी डिस्क एनटीएफएसच राहणार. लिनक्सवर कायमची वापरायला मी ती देणार नाही, ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-मांडणी) हवं. म्हणजे पुन्हा डेटा हलवणं आलंच.

नाशिकची_रेवा
हलवा की! एक डिस्क रिकामी आहेच, तिच्यावर घ्या. त्या काळात मूळ प्रत शाबूत असते, तुमच्या युक्तीत ती नसते.

बाइट_मोजणारा
कुठलाही मार्ग घ्या, पण नावं आधी तपासा. एनटीएफएसमध्ये फाइलचं नाव २५५ वर्णचिन्हांपर्यंत चालतं. ईएक्सटी४ आणि नेहमीच्या मांडणीतलं झेडएफएस २५५ बाइटवर थांबतं. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, जोडाक्षरातला हलंतसुद्धा ३ बाइट खातो, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. कीर्तनाच्या फाइलला पूर्वरंग, उत्तररंग, तिथी, गाव, देऊळ असं सगळं नाव दिलं असेल तर ती अडते. आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) त्रुटी दाखवून पुढे जातो आणि हजारो ओळींत ती नजरेतून सुटते.

जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करा (प्रणालीला जोडा), थेट साटावर (मदरबोर्डवरच्या डिस्क-जोडणीवर). गिगाबिट नेटवर्कवरून ३ टीबीला सात-आठ तास लागतात आणि मधे वीज गेली तर पुन्हा बसा. कॉपी झाल्यावर आरसिंक चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) लावून ड्राय रनमध्ये (काही न लिहिता फक्त फरकांची यादी देत) चालवा. यादी रिकामी आली, तरच पुसण्याची चर्चा.

पॅरिटी_पुणे
चेकसमचं शंभर टक्के मान्य. कपाटातल्या डिस्कचं अजूनही नाही. वर्षानुवर्षं न लावलेली डिस्क हा बॅकअप मानायला मी तयार नाही.

माळ्यावरचा_सीपीयू
मग दर दिवाळीला लावून चेकसम पडताळेन आणि एक प्रत बहिणीकडे कोल्हापूरला ठेवेन. पुसणार मात्र नाही.