पिक्चरचा शेवट दाखवलाच नाही, चुकलं का माझं?

कपाशीवाला
मागच्या शनिवारी गावात (आर्वी तालुका) समाजमंदिराच्या भिंतीवर चादर ताणून 'द लास्ट लाफ' लावला. 1924 चा जर्मन मूकपट, दिग्दर्शक मुर्नाऊ, रिस्टोअर केलेली कॉपी. मोठ्या हॉटेलचा म्हातारा दरबान, चकाकत्या बटनांचा कोट घालून वस्तीत आला की लोक सलाम ठोकतात. एक दिवस पावसात जड पेटी उचलून दम लागतो, जरा टेकतो, मॅनेजर पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी कोट काढून घेऊन खाली संडासात टॉवेल द्यायला बसवतात. बस एवढीच गोष्ट. मधे पाट्या जवळपास नाहीतच त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या आज्यांनाही मला काही सांगावं लागलं नाही, कोट चोरून नेतो तेव्हा एक आजी मोठ्याने म्हणाली, अरे नको रे बाप्पा.
तो संडासात अंधारात बसतो तिथं मी पिक्चर बंद केला. पुढं पाटी येते की खरं तर हे इथंच संपायचं पण लेखकाला दया आली, आणि मग म्हाताऱ्याला एका करोडपतीची इस्टेट मिळते!! माझा बाप जिनिंगमधे चौकीदार होता, त्याची शिट्टी परत घेतली तेव्हा कोणी करोडपती आला नाही. ते खोटं मला दाखवायचंच नव्हतं. आता पोरं म्हणतात सर तुम्ही फसवलं.

ठेचा_भाकर
फसवलंच ना भाऊ. तू कोण ठरवणारा गावाने काय पाहायचं ते? ह्या पिक्चरच्या तीन वेगळ्या निगेटिव्ह (मूळ रिळं) होत्या, जर्मनी, अमेरिका अन् बाकी जगासाठी, जर्मनीतल्या मुर्नाऊ फाउंडेशनने जुनं फुटेज हुडकून जुळवलं, आणि तू आर्वीत बसून कात्री लावून रायला.

रातपाळी
मी कपाशीवाल्याच्या बाजूनं. ती इस्टेट म्हणजे लॉटरीचं तिकीट. आमच्याकडं सोयाबीनचा भाव पडला की लोक असंच काहीबाही स्वप्न पाहत बसतात. कडू आहे तर कडूच राहू द्या.

वेचणी
तुम्ही दोघायनं शेवट नीट पायला का? पैसा आल्यावर म्हातारा जेवायला कोणाले घेऊन बसते? त्या रातच्या चौकीदाराले, ज्यानं कंदील घेऊन येऊन संडासात आपला कोट त्याच्या अंगावर टाकला होता. अन् संडासातल्या नव्या माणसाले टीप देते. कपाशीवाला भाऊ, तुमच्या बाबांचंच काम करणारा माणूस तिथं मानानं जेवून रायला अन् तुम्ही तेच कापलं. काहून?

कपाशीवाला
हे मी असं पाहिलंच नव्हतं. तरी ती इस्टेट पटत नाही.

ठेचा_भाकर
न पटू दे. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' आठव, 1925 चा. कर्जापायी शेत गेलेला शेतकरी शहरात मिलमधे लागतो, व्ही. शांताराम होते त्यात. आपल्या घरची गोष्ट ना? तो मूकपट आता पाहायला मिळत नाही. आपल्याकडं हजाराच्या वर मूकपट बनले अन् बोटावर मोजण्याइतके उरले, ते रीळच असं की सडते नाहीतर पेट घेते, वरून रिळातल्या चांदीसाठी गाळलं. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह 1964 मधे आलं, तोवर निघून गेलं होतं सगळं. ज्याचा शेवट हाती लागला तो तरी दाखव.

रातपाळी
सावकारी पाशच्या शेवटी शेतकऱ्याला कोणी इस्टेट दिली असती तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या का? सरळ सांगा.

ठेचा_भाकर
शिव्या घातल्या असत्या. पण पाहून घातल्या असत्या.

कपाशीवाला
बरं, येत्या शनिवारी लावतो उरलेलं. पाटी मोठ्यानं वाचीन. लाइन राहिली तर, सध्या रात्री आठला जातेच.

वेचणी
त्या आजीले पुढं बसवा.

रातपाळी
मी येणार नाही. माह्यासाठी तो पिक्चर कंदिलापाशीच संपला.